खैरनार सरांची बारा मिनिटं

माझ्यासमोर कुणी बटण दाबलं आणि दिवा लगेच लागला, की मला त्या दिव्याचा राग येतो. हल्ली कॉलेजांच्या तपासणीला मला सदस्य म्हणून बोलावतात. शाल, बुके, काजूची प्लेट, मग प्रयोगशाळा. टेबलावर मॉडेल, शेजारी कडक इस्त्रीतला प्राध्यापक, बटण दाबायचा अवकाश की दिवा. मी मान डोलावते, वहीत 'समाधानकारक' लिहिते आणि पुढच्या टेबलाकडे जाते. एक अक्षर विचारत नाही. का विचारत नाही, हे सांगायचं तर खैरनार सरांबद्दल सांगावं लागेल, आणि त्यात माझं स्वतःचं काही चांगलं दिसणार नाही. दिसू नयेच.

नाशिकच्या ज्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी नोकरीला लागले, तिथे सर माझ्या आधी वीस वर्षांपासून इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होते. मूळचे सटाण्याकडचे, राहायला सिडकोत. पीएचडी नव्हती, त्यामुळे त्यांनी शिकवलेली पोरं त्यांचे साहेब झाली आणि हे व्याख्यातेच राहिले. आमचे विभागप्रमुख बोरसे हेही त्यांचेच विद्यार्थी. सरांना त्याचं काही वाटत असेल तर ते बोलून दाखवत नसत. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात पेनाऐवजी टेस्टर, डब्यात रोज भाकरी आणि एक अख्खा कांदा. तो कांदा ते प्रयोगशाळेच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून बुक्कीने फोडत. शेजारच्या कॉम्प्युटर विभागातल्या बायका नाकाला रुमाल लावून जायच्या. सर म्हणायचे, "आमच्या गावाचा वास आहे तो. त्याच्यावरच शिकलो मी."

त्यांच्या प्रयोगशाळेत शिरायचं तर आधी मोबाइल डब्यात टाकावा लागे. दारातच स्टुलावर धान्याचा मोठा स्टीलचा डबा ठेवलेला असे, घट्ट झाकणाचा. झाकण लावलं की आतले सगळे फोन मुके. सर हवेतल्या लहरी मोजायचे आणि कुणाच्या खिशातला फोन मध्येच जागा झाला तर मोजमाप बिघडायचं, इतकं साधं कारण. एकदा प्राचार्य आले. सरांनी त्यांनाही डबा दाखवला. त्यांनी हसत हसत फोन टाकला, दहा मिनिटं प्रयोग पाहिला, आणि नेमक्या त्या दहा मिनिटांत संस्थेच्या अध्यक्षांनी त्यांना सात वेळा फोन लावला. आता अध्यक्षांना काय सांगणार, फोन धान्याच्या डब्यात होता म्हणून? प्राचार्यांनी तो डबा मनात ठेवला.

सरांचं वेड एकच होतं. आपल्याभोवती रेडिओलहरी असतातच, टॉवरच्या, वायफायच्या, किंवा आपण मुद्दाम एक छोटं यंत्र ठेवून सोडलेल्या. त्या पकडून त्यांची वीज करायची. वीज किती, तर अगदी चिमूटभर. "यावर मोबाइल चार्ज होईल का हो सर?" असं प्रत्येक नवा माणूस विचारायचा, आणि सर गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "होईल की. फक्त पुढच्या दिवाळीपर्यंत थांबावं लागेल."

त्यांचा अँटेना पाहून कुणी प्रभावित होईल असा नव्हता. मध्ये बोटभर उंचीची एक उभी तार आणि तिच्याभोवती तशाच सहा. बस. पण लहरी ज्या बाजूने येतील त्या बाजूला तो आपलं लक्ष वळवायचा, आणि तेही जागचा न हलता. वर्गात सर हे गाईवरून समजावत. "गाय रवंथ करत बसलीय. मागे पाचोळा वाजला. ती उठते का? मानसुद्धा वळवत नाही, कान फिरवते. मधली तार ऐकते, भोवतीच्या सहा तारा कान फिरवतात." मग आवाज खाली आणून खरी गोष्ट सांगत. "कान फिरवायलाही वीज लागते. ती मिळणाऱ्या विजेपेक्षा जास्त लागली तर कशाला मरायचं? अर्धं जग इथेच अडकलंय." सरांची चार वर्षं तो खर्च कमी करण्यात गेली होती. शेवटी तो इतका कमी झाला की आमच्याकडच्या मीटरवर दिसेना.

मिळालेली वीज एका छोट्या कपॅसिटरमध्ये थेंब थेंब साठायची. तो भरला की बोर्डावरचा लाल दिवा एकदा लुकलुकायचा. एकदाच. त्याला साधारण बारा मिनिटं लागत. पुन्हा लागायला पुन्हा बारा. जो येईल त्याला सर स्टुलावर बसवत आणि म्हणत, "बारा मिनिटं." लोक चौथ्या-पाचव्या मिनिटाला घड्याळ बघत आणि मीटिंग आठवून उठत. मी पहिल्याच आठवड्यात पूर्ण वेळ बसले. सर पंख्याकडे बघत होते. दिवा लागला तेव्हा त्यांनी दिव्याकडे पाहिलं नाही, माझ्या तोंडाकडे पाहिलं. "गायधनी मॅडम, तुम्ही बसलात," एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून त्या खोलीची दुसरी किल्ली माझ्याकडे आली.

आता त्यांची वही. निरीक्षणांची वही ते शाईने लिहीत आणि चुकलं तर खोडत नसत, एक आडवी रेघ मारत, म्हणजे काय चुकलं ते वाचता यावं. आमच्या कॉलेजात मुलांची जर्नल्स म्हणजे मागच्या बॅचच्या जर्नलांची सुवाच्य प्रत असते. सगळ्यांचे आकडे सारखे, सगळ्यांचे आलेख गुळगुळीत. सर अशा जर्नलवर भोपळा देत आणि ज्याचे आकडे वेडेवाकडे त्याला पैकीच्या पैकी. पालक भांडायला यायचे. आणि हाच न्याय ते स्वतःलाही लावत. एकदा सलग तीन दिवस त्यांच्या यंत्रात नेहमीच्या दुप्पट वीज आली. सर इतके खूश की मला कॉलेजरोडला नेऊन मिसळ खाऊ घातली. चौथ्या दिवशी त्यांना कळलं की भिंतीपलीकडे कॉम्प्युटर विभागाने नवा वायफायचा डबा बसवलाय. त्यांनी लगेच वहीतल्या त्या तीन पानांवर लाल शाईने लिहिलं, 'हे माझं नव्हे.' मी म्हटलं, सर, वीज तर आलीच ना, कुणाच्या का लहरी असेनात. तर माझ्यावरच उखडले. "जास्त आलं की आधी संशय घ्यायचा, मॅडम. कमी आलं तर आपलं असतं."

आणखी एक बारीक सवय सांगायला हवी. ते काळी चिकटपट्टी लावत तेव्हा तिचं शेवटचं टोक आत दुमडत. "उद्या काढणाऱ्याला नखाने खरवडत बसायला नको." मी त्यांचंच पाहून तसं करू लागले. सगळ्या कॉलेजात टेपचं टोक दुमडणारी आम्ही दोनच माणसं होतो.

हा सगळा खटाटोप कशासाठी, हे मला सटाण्याला गेल्यावर कळलं. सरांचे धाकटे भाऊ नाना गावी शेती बघतात. उन्हाळ कांदा काढला की ते तो चाळीत भरतात. बांबूच्या पट्ट्यांच्या भिंती, खाली हवेसाठी पोकळी आणि आत छातीएवढा कांद्याचा ढीग. चार-पाच महिने तो तिथे राहतो. ढिगाच्या पोटात कुठेतरी ऊब धरते, ओल सुटते आणि सड सुरू होते. बाहेर वास येईपर्यंत पाखाभर, म्हणजे चाळीच्या एका अख्ख्या बाजूचा, माल गेलेला असतो. आत मापक ठेवावा तर त्याला वीज हवी. वायर उंदीर खातात, सेल संपला तर ढीग उपसावा लागतो, आणि ऊन आत पोचत नाही. म्हणून सरांना बिनवायरची, बिनसेलची वीज हवी होती. चाळीच्या दारात लहरी सोडणारं यंत्र आणि ढिगाखालच्या पोकळीत त्यांचा बोर्ड. कांदा पाण्याने भरलेला, तो लहरी पितो. ढीग सुकत खाली बसतो तशी लहरींची वाट बदलते. कान फिरवणारा अँटेनाच हवा होता तिथे, दुसरा चाललाच नसता.

आम्ही एसटीने गेलो. सरांनी बोर्ड भाकरीच्या डब्यात, फडक्यात गुंडाळून आणला होता. नानांचा चेहरा पाहुण्यांचं मन राखणाऱ्याचा होता.

"दादा, मना नाकले लाईट लागत नही," ते म्हणाले. सड ते वासावरूनच ओळखत.

"तुझं नाक मागच्या साली कुठं गेलं होतं?" सर म्हणाले.

बोर्ड बसवला, मापकाची सळई ढिगात खुपसली आणि उलट्या क्रेटवर बसून राहिलो. इथे दिव्याऐवजी सरांच्या फोनवर संदेश यायचा होता, आतली ऊब आणि ओल किती ते. बाराव्या मिनिटाला तो आला. नानांनी फोन हातात घेऊन दोनदा वाचला. मग ट्रॅक्टर घेऊन त्यांचा गडी आला आणि त्याने तो नेमका दारातल्या यंत्रासमोर उभा केला. बारा मिनिटं झाली, पंधरा झाली, संदेश नाही. नाना ट्रॅक्टर हलवायला उठले तर सर ओरडले, "राहू दे! तठेच राहू दे!" आणि क्रेटच्या टोकावर येऊन बसले. विसाव्या मिनिटाला फोन वाजला. समोरची वाट बंद झाल्यावर त्या सहा तारांनी बाजूच्या पत्र्यावरून वळून येणाऱ्या लहरी शोधून काढल्या होत्या.

"खरंच शे का रे दादा?" नाना म्हणाले.

सर हसले. मी त्यांना तसं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. संध्याकाळपर्यंत नानांनी गावातल्या दहा जणांना चाळीत आणून दाखवलं होतं. दहाही जणांनी आपापल्या चाळीत यंत्र बसवून घ्यायची तयारी दाखवली आणि सरांनी त्यांना शब्द दिला, पुढच्या हंगामाच्या आत तुमच्याकडे बसवून देतो.

तेवढ्यासाठी एका समितीची शिफारस हवी होती. दहा बोर्ड आणि वर्षभराची चाचणी यांच्या खर्चाला मान्यता देणारी तीन जणांची समिती आमच्या विभागात येणार, असं पत्र आलं. सरांच्या निवृत्तीला चार वर्षं राहिली होती. यानंतर पुन्हा अशी संधी नव्हती, हे त्यांनाही माहीत होतं आणि आम्हालाही.

इथे आमच्या कॉलेजातली एक रीत सांगते. समिती येणार म्हटलं की जिने रंगवले जातात, भाड्याच्या कुंड्या येतात आणि मॉडेलांना टेकू लागतो. टेकू म्हणजे एक चपटा सेल, बोर्डाच्या खालच्या अंगाला चिकटवलेला, वरून न दिसणारा. सौरऊर्जेची गाडी टेकूवर पळायची, पवनचक्कीचा दिवा टेकूवर पेटायचा. "टेकू लावला का?" हे आमच्याकडे "चहा झाला का?" इतक्या सहज विचारलं जायचं. कुणाला त्यात फसवणूक वाटत नसे. मॉडेल खरं असतंच, ऐनवेळी रुसू नये इतकंच, असं सगळे म्हणत. मीही म्हणत असे.

बोरसे सरांनी आदल्या दिवशी आम्हा दोघांना बोलावलं. "सर, दिवा किती वेळात लागतो?"

"बारा मिनिटं."

"अहो, समिती चार मिनिटांच्या वर कुठे थांबत नाही. चहासुद्धा उभ्याने घेतात ते."

"मग त्यांना खुर्च्या द्या," सर म्हणाले आणि तासाला निघून गेले.

बोरसे माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही बघा काय ते. त्यांना सांगू नका." माझी कायम होण्याची फाईल त्याच महिन्यात वर जायची होती, हे ते बोलले नाहीत. त्यांना बोलायची गरजच नव्हती. पण सगळं त्यांच्यावर ढकलणार नाही. मी मनापासून घाबरले होते. माझ्या डोळ्यांसमोर ते तिघे घड्याळ बघत खोलीबाहेर पडताना आणि सर रिकाम्या खुर्च्यांसमोर उभे राहिलेले दिसत होते. त्यांचं भलं करायला निघाले होते मी.

समिती फाटकात आली तेव्हा सर कांद्याचा वास जावा म्हणून हात धुवायला गेले. मी बोर्ड उचलला, सेल लावला, वर काळी टेप दाबली. दिवा दर दहा सेकंदांनी लागेल अशी जोडणी केली. सर बोलताना नेहमी फळ्याकडे तोंड करतात, त्यांच्या लक्षात येणार नाही, असा माझा हिशेब होता. ज्या माणसाने दुप्पट वीज आली म्हणून आपलीच तीन पानं रद्द केली, त्याच्याबद्दल मी हा हिशेब केला.

तिघे आले. डब्याकडे बघून हसले, फोन टाकले. सरांनी गाय सांगितली. तिचा कान सांगत असतानाच दिवा लागला. मग पुन्हा लागला. "अरे वा!" एक सदस्य म्हणाले. प्रमुखांनी तर वहीत लिहायलाही घेतलं. बोरसेंचा चेहरा उजळला. दिवा तिसऱ्यांदा लागला आणि सर बोलायचे थांबले.

"एक मिनिट," ते म्हणाले. "हे जास्त येतंय."

"चांगलंच आहे की," प्रमुख म्हणाले.

"नाही. इतकं येऊ शकत नाही. कुणाचा फोन राहिलाय का खिशात?" सगळ्यांनी खिसे चाचपले. कुणाचा नव्हता. "थांबा, हे यंत्र बंद करतो. हे बंद केल्यावर दिवा थांबलाच पाहिजे." अजूनही मला पुढे होता आलं असतं, धक्का लागल्याचं नाटक करून बोर्ड पाडता आला असता. सरांनी स्वतःच्या हाताने लहरींचं यंत्र बंद केलं. दिवा लागला. पुन्हा लागला. "कपॅसिटरमध्ये थोडं उरलं असेल," ते पुटपुटले आणि वाट बघत राहिले. दिवा लागतच होता. मग त्यांनी बोर्ड उलटा केला.

"हाऊ आठे कोनी लाया?" हा इथे कुणी लावला, हे त्यांच्या तोंडून घरच्या बोलीत बाहेर आलं.

सरांनी टेपचं टोक चिमटीत धरलं. ते आत दुमडलेलं होतं, एका ओढीत टेप निघाली. त्यांनी ते टोक पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही.

समितीचे प्रमुख हसायला लागले, अगदी मोकळेपणाने. "खैरनार सर, निदान नीट लपवायचा तरी!" बाकीचे दोघेही हसले. तिघेही कॉलेजांतलेच, त्यांच्याकडेही टेकू असणारच. मला अजून राग येतो तो त्या हसण्याचा. ज्याला फसवायचंय तो आपण होऊन बोर्ड उलटा करेल का, हा प्रश्न तीन विद्वानांपैकी एकालाही पडला नाही. अहवालात एकच ओळ आली, प्रात्यक्षिक विश्वासार्ह वाटलं नाही.

"बोर्ड माझा आहे," सर म्हणाले होते. तेवढंच. सेल माझा नाही, असं त्यांनी म्हटलं नाही, कारण मग कुणाचा ते सांगावं लागलं असतं. आणि मी तिथेच, त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते.

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेत गेले. "सर, तो सेल मी लावला."

"माहीत आहे."

"मी समितीला पत्र लिहिते. सगळं खरं कळवते."

आपल्याकडे असं काही म्हटलं की समोरचा म्हणतो, जाऊ द्या हो, झालं ते झालं, आणि दोघांचंही ओझं उतरतं. मी त्याच तयारीने गेले होते. सर म्हणाले, "लिहा. आजच लिहा. अहवाल वर जायच्या आत पोचलं पाहिजे." मी मान हलवली. दारापर्यंत गेले तेव्हा मागून म्हणाले, "मॅडम, तुम्ही सटाण्याला माझ्याशेजारी क्रेटवर बसला होतात. डोळ्यांनी पाहिलंत. तरी तुम्हाला वाटलं, याला टेकू लागेल." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडून मोकळी झाले असते.

पत्र मी लिहिलं. दोन पानी, खरं, सहीसकट. पण आमच्याकडे पत्र विभागप्रमुखामार्फतच जातं. बोरसेंनी ते शांतपणे वाचलं, शिक्का हातात घेतला आणि म्हणाले, "मारू का? तुमची फाईल याच आठवड्यात आहे. तुम्ही सांगा, मी अडवणार नाही."

"राहू द्या," मी म्हणाले.

आयुष्यात मी केलेली सगळ्यात वाईट गोष्ट ती आहे. सेल नव्हे. सेल भीतीपोटी लावला होता, 'राहू द्या' मात्र मी नीट विचार करून म्हणाले.

आठ दिवसांनी सरांनी जिन्यात विचारलं, "पत्र गेलं का?" मी म्हटलं, "वर गेलंय, सर." त्यांनी मान डोलावली. पुढच्या महिन्यात पुन्हा विचारलं, "उत्तर नाही आलं?" मी म्हटलं, वेळ लागतो. त्यांना ते पटलं. जगात गोष्टींना वेळ लागतो, यावर त्यांचा विश्वास होता. मी त्या विश्वासाआड लपले. तोवर त्यांची बदली परीक्षा विभागात झाली होती, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे लावायला. आदेश समोर आला त्याच दिवशी प्राचार्यांनी सही केली. प्रयोगशाळा रिकामी करून तिथे सौरऊर्जेची गाडी ठेवली. गठ्ठे लावता लावता सर येणाऱ्याजाणाऱ्याला नमस्कार करत आणि लोक उगाच जास्त नम्रपणे उत्तर देत. आमच्या वर्गात सटाण्याकडची दोन पोरं होती. सरांच्या बोर्डाखाली सेल सापडला ही बातमी सुट्टीत त्यांच्याबरोबर गावी पोचली. वर्षभराने सरांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. निरोपाच्या समारंभात बोरसे त्यांच्या प्रामाणिकपणावर बोलले. मी तेव्हा कायम झाले होते. मी हार घातला.

गेल्या मे महिन्यात सटाण्याला एका लग्नाला गेले होते. जेवण झाल्यावर पाय आपोआप चाळीकडे वळले. सर दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते, केस पार पांढरे झालेले. "या मॅडम," म्हणाले, उठून दुसरी खुर्ची पुसून दिली. नानांनी आतून हाक घातली, "बठा बाई, चहा येस." मी बसले आणि चहा यायच्या आत सांगून टाकलं, नाहीतर पुन्हा हिंमत झाली नसती. "सर, ते पत्र गेलंच नव्हतं. मी पाठवलं नाही."

"बरं झालं सांगितलंत," सर म्हणाले. "मी अजून वाट बघत होतो."

मी रडले असते तर ते मला पाणी द्यायला उठले असते, म्हणून रडले नाही. तेवढ्यात वणीकडचे दोन शेतकरी मोटारसायकलवर आले. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, इथे ढिगाच्या आतलं कळायचं काही यंत्र आहे. सर त्यांना आत घेऊन गेले, मीही मागून गेले. त्यांनी पोकळीत हात घालून बोर्ड बाहेर काढला, सहा तारांवरची धूळ फुंकली. मला वाटलं, आता गाय सांगतील. त्यांनी गाय सांगितली नाही. कुणी काही विचारायच्या आधी बोर्ड उलटा केला आणि त्या दोघांसमोर धरला.

"आधी खाली बघून घ्या," ते म्हणाले. "सेल नाही, बॅटरी नाही. बोट फिरवून बघा."

"अहो सर, आमचा विश्वास हाय की," त्यातला एक संकोचून म्हणाला.

"तसं नको. बघा."

त्या दोघांनी वाकून पाहिलं, एकाने बोटही फिरवलं. मग सरांनी बोर्ड माझ्यापुढे आणला, तसाच उलटा. मी काही विचारलं नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहिलं, ते बोर्डाकडे बघत होते. खाली डाखाचे ठिपके होते, एवढेच.

"पाहिलं, सर," मी म्हणाले.

तेव्हा कुठे त्यांनी तो सरळ केला.